फ्रँकोच्या काळातल्या स्पॅनिश कादंबऱ्या: कुठून सुरुवात करावी, कुठली आवृत्ती घ्यावी?

रंकाळा_वाचक
राजारामपुरीतल्या आमच्या वाचनगटानं पुढच्या चार बैठकांना स्पॅनिश कादंबरी घ्यायचं ठरवलंय. फ्रँकोची हुकूमशाही ते लोकशाही, असा पल्ला. इंग्रजी अनुवादच वाचणार. कार्मेन लाफोरेतची ‘नादा’ चाळली, पण राजकारण कुठं दिसेना. आणि १९७५ ला फ्रँको गेल्यावर दडवलेल्या कादंबऱ्यांचा पूर आला असेल ना? त्यातल्या कुठल्या घ्याव्यात?

जुना_राजवाडा
पूर पंचगंगेला येतो, माद्रिदला आला नाही. जे आत छापता येत नव्हतं ते बाहेर कधीच छापून झालं होतं. सेलाची ‘ला कोल्मेना’ १९५१ ला ब्युनोस आयर्समध्ये निघाली, हुआन गोयतिसोलोची ‘सेन्यास दे इदेन्तिदाद’ १९६६ ला मेक्सिकोत, मार्सेची ‘सी ते दिसेन के काई’ १९७३ ला, तीही मेक्सिकोतच. मार्सेनं तर शीर्षकच फ्रँकोच्या बाजूच्या फालान्खे पक्षाच्या गीतातून उचललं. (सेला स्वतः काही काळ सेन्सॉरच्या नोकरीत होता, नियतकालिकं तपासायचा. तरी त्याचं पुस्तक अडलंच.)

‘नादा’ १९४५ ची. तिच्यात राजकारण शोधू नका, भूक बघा. नायिका आंद्रेआ हातात आलेले पैसे लगेच उडवते आणि मग भाज्या उकडलेलं पाणी पिऊन राहते. स्पेनमधलं यादवी युद्ध संपून थोडीच वर्षं झालीत, घरातलं सामान विकलं जातंय, माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. सेन्सॉरला यात बोट ठेवायला वाक्य सापडत नाही.

स्वाती_शाहूपुरी
१९६६ चा छापखाना कायदा आधी समजून घ्या, नाहीतर पुढचा सगळा घोळ. १९३८ च्या कायद्यात मजकूर छापण्याआधी दाखवावाच लागे. १९६६ पासून दाखवणं ‘ऐच्छिक’ झालं. ऐकायला बरं. पण छापून झाल्यावर सहा प्रती जमा करायच्या आणि दर ५० पानांमागं जास्तीत जास्त एक दिवस थांबायचं. तेवढ्यात जप्ती आली की कागद, छपाई, बांधणी, सगळं प्रकाशकाच्या बोकांडी. त्यामुळं प्रकाशकच लेखकाच्या हातात कात्री द्यायला लागले.

याच वर्षीची देलिबेसची ‘सिन्को ओरास कोन मारिओ’ घ्याच. आधी मारिओ जिवंत ठेवून लिहायला घेतली होती. तसं सेन्सॉरमधून सुटणार नाही हे ओळखून देलिबेसनं त्याला मारला आणि बायकोला प्रेताशेजारी बसवलं. ती त्याचं बायबल उघडते, त्यानं खुणा केलेली एकेक ओळ वाचते आणि त्याला झापायला लागते: सेआत ६०० गाडीसुद्धा घेतली नाहीस! बोलते ती राजवटीच्या बाजूनं, आणि तिच्या तक्रारींतूनच मारिओ किती सरळ माणूस होता ते कळत जातं. लई बेरकी रचना आहे.

रंकाळा_वाचक
धन्यवाद ताई. आणीबाणीशी तुलना करून चर्चा सुरू केली तर?

जुना_राजवाडा
करा, पण जपून. आपले २१ महिने, त्यांची ३६ वर्षं. आणीबाणीतही १९७५ च्या डिसेंबरात कराडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून बोलल्या; पुढं अटक झाली ती गोष्ट वेगळी. तिकडं एक अख्खी पिढी लिहायला शिकली तीच सेन्सॉरच्या नजरेखाली.

पान_उलटा
आवृत्तीबद्दल. मार्तिन-सान्तोसची ‘तिएम्पो दे सिलेन्सिओ’ १९६२ ला कापून आली, कुंटणखान्यातली पानं गेली होती. पुढच्या आवृत्त्यांत ती परत घातली. अनुवाद घेताना सुरुवातीच्या पानावर तो कुठल्या वर्षीचा आणि कुठल्या मूळ आवृत्तीवरून केलाय ते बघा. या कादंबरीत प्रकरणांना क्रमांक नाहीत. गटात वेगवेगळ्या प्रती आल्या तर पान नंबर जुळत नाहीत आणि अर्धा तास तिथंच जातो. प्रसंगाच्या नावानं बोला.

चार बैठकांसाठी माझ्या मते ‘नादा’, मग देलिबेस, मग मेन्दोसाची ‘ला वेर्दाद सोब्रे एल कासो साव्होल्ता’. ही १९७५ ची, फ्रँको मरण्याच्या काही महिने आधीची. सेन्सॉरपायी हिचं मूळ नावही बदलावं लागलं. शेवटी वास्केस मोन्ताल्बानची ‘लोस मारेस देल सुर’, १९७९. गुप्तहेरकथा म्हणून झरझर वाचली जाते, पण मागं त्या वर्षीच्या नगरपालिका निवडणुकांची धामधूम आहे, आणि लोकशाही येऊन दोन वर्षं होत नाहीत तोवर लोक किती कंटाळलेत ते दिसतं. मार्सेला पहिल्या चारांत घेऊ नका. निवेदक सारखे बदलतात, नवखे वाचक निम्म्यात सोडतात.