शब्दचर्चा: 'सीड', 'बाय' आणि 'होम-फील्ड ॲडव्हान्टेज' यांना मराठीत काय म्हणावं?

मिशिगनवासी:
एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, न पाहणाऱ्या नातलगांना आणि मित्रांना मी दर आठवड्याला मराठीत दोन परिच्छेदांचा वृत्तांत पाठवतो. नोव्हेंबरपर्यंत काही अडत नाही. जिंकले, हरले, शेवटच्या मिनिटाला किक हुकली, एवढं मराठीत छान बसतं. डिसेंबर लागला की मात्र घोडं पेंड खातं, कारण तेव्हा सामन्यापेक्षा तक्त्याचीच चर्चा जास्त असते.

नमुना म्हणून एकच सामना घेऊ. ५ जानेवारी २०२५, डेट्रॉइटचं फोर्ड फील्ड, लायन्स विरुद्ध मिनेसोटा व्हायकिंग्ज. दोघेही १४-२, म्हणजे चौदा विजय, दोन पराभव. साखळीतला २७२वा, म्हणजे अगदी शेवटचा सामना. जिंकेल त्याला गटविजेतेपद, कॉन्फरन्समधलं (लीगच्या दोन भागांपैकी एकातलं) पहिलं सीड, म्हणजे बाद फेरीतला पहिला क्रमांक, एका फेरीची बाय, म्हणजे ती न खेळताच पुढे, आणि सुपर बोलपर्यंतचे, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंतचे, सगळे सामने घरी. हरेल त्याला पाचवं सीड, आणि पुढच्याच आठवड्यात दुसऱ्याच्या मैदानावर हजेरी. लायन्स ३१-९ जिंकले, जमीर गिब्जने एकट्याने चार टचडाउन केले.

वरच्या परिच्छेदात सीड, बाय, कॉन्फरन्स हे शब्द मी तसेच ठेवलेत. तुम्ही काय लिहाल?

क्रीडापान:
बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात काढली आहेत, म्हणून आधी उत्तर देतो. सीडला मानांकन. टेनिस आणि बॅडमिंटनमुळे हा शब्द पक्का रुळलेला आहे. अग्रमानांकित, दुसरा मानांकित, बिगरमानांकित असा त्याचा अख्खा गोतावळा तयार आहे. 'बीजांकन' वगैरे कुणी सुचवेल, त्याच्या नादी लागू नका.

कॉन्फरन्सला 'परिषद' करू नका ही हात जोडून विनंती. 'राष्ट्रीय फुटबॉल परिषदेत डेट्रॉइट अव्वल' असं छापलं तर वाचकाला वाटेल, ठराव मांडला आणि टाळ्या पडल्या. कॉन्फरन्स तसंच ठेवा. डिव्हिजनला गट. संपला विषय.

टेनिसवेडा:
मानांकनाला माझी हरकत नाही, पण टेनिस वाचणाऱ्याची त्यात फसगत होते. टेनिसमध्ये मानांकन स्पर्धेआधी, जागतिक क्रमवारी बघून मिळतं, आणि हेतू एवढाच की तगडे खेळाडू पहिल्या-दुसऱ्या फेरीतच एकमेकांना भिडू नयेत. कोर्ट कुणाचं, हा प्रश्नच तिथे नाही. एनएफएलमध्ये मानांकन मोसमभर खेळून कमवावं लागतं आणि त्याच्याबरोबर मैदानही मिळतं.

दुसरी गोष्ट जास्त गोंधळाची. मानांकन म्हणजे क्रमवारी नव्हे. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये १६ संघ, चार गट, गटात चार संघ. चार गटविजेत्यांना पहिली चार मानांकनं राखीव. उरलेल्यांतले तीन सर्वोत्तम संघ वाइल्ड कार्डवर पाचवे, सहावे, सातवे. आता २०२४च्या मोसमातली एनएफसी, म्हणजे लायन्स-व्हायकिंग्जची कॉन्फरन्स, बघा: लायन्स १५-२, ईगल्स १४-३, मग टँपा बे १०-७, लॉस एंजेलिस रॅम्स १०-७ आणि त्यानंतर पाचवे व्हायकिंग्ज, १४-३! सहावे वॉशिंग्टन १२-५, सातवे ग्रीन बे ११-६. 'पाचवे मानांकन' वाचून मराठी वाचक म्हणणार, यांचा मोसम बेताचाच गेलेला दिसतोय. प्रत्यक्षात सबंध लीगमध्ये त्यांच्याहून जास्त विजय फक्त लायन्स आणि कॅन्सस सिटी चीफ्सचे.

वाइल्ड कार्डचंही तेच. टेनिसमध्ये ती आयोजकांची मेहेरबानी असते, इथे ती कष्टाची कमाई आहे.

सदाशिवपेठी:
उलट मानांकन हा शब्द इथे टेनिसपेक्षा जास्त चपखल बसतो, कारण त्यात 'मान' आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाचे पाच गणपती पुढे असतात, आणि दगडूशेठला दर्शनाला कितीही गर्दी असली तरी तो त्या पाचांत नाही. गटविजेते हे मानाचे. व्हायकिंग्जची ताकद कुणी नाकारत नाही, पण मान गटविजेत्याचा. हे एकदा सांगितलं की १०-७वाला १४-३वाल्याच्या पुढे कसा, हे विचारायला निदान पुणेकर तरी येणार नाही.

मिनेसोटाकर:
पुणेकर नाही विचारणार, आम्ही मात्र विचारतो. आणि आम्हीच नाही. २०२५च्या वसंतात खुद्द लायन्सनीच लीगपुढे प्रस्ताव ठेवला होता की गटविजेत्याला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, जागा द्या, पण मानांकन विजयांवरून ठरवा, म्हणजे जास्त सामने जिंकलेला वाइल्ड कार्ड संघ वर चढू शकेल. मे महिन्यात त्यांनी तो मागे घेतला. पुरेसे मालक राजी होतील अशी लक्षणं नव्हती.

जुने लोक सिअ‍ॅटलचं उदाहरण देतात. २०१०च्या मोसमात सीहॉक्स ७-९ असूनही गट जिंकले आणि ११-५च्या न्यू ऑर्लिन्स सेंट्सना त्यांच्याकडे जाऊन खेळावं लागलं. सीहॉक्स ४१-३६ जिंकले. त्यातली मार्शॉन लिंचची ६७ यार्डांची धाव आणि त्यावर प्रेक्षकांनी केलेला धुमाकूळ जवळच्या भूकंपमापकावर उमटला होता. अर्ध्याहून जास्त सामने हरलेल्या संघाला हे 'घर' मिळालं, ते निव्वळ गट जिंकल्यामुळे.

तांबडा_पांढरा:
कोल्हापुरातनं लिहितोय. फुटबॉल म्हटल्यावर राहवलं नाही. तुमचा चेंडू लांबुळका, आमचा गोल, पण तक्ता तो तक्ताच की.

'बाय'ला काही जण 'पुढे चाल' सुचवतील. आमच्याकडं पुढे चाल म्हणजे समोरचा संघ मैदानात उतरलाच नाही आणि याला पुढं पाठवलं. खो-खो, कबड्डीतसुद्धा बऱ्याच ठिकाणी असंच बोलतात. त्यात समोरच्याची फजिती आहे. तुमच्या पहिल्या मानांकिताला त्या फेरीत प्रतिस्पर्धीच नाही, मग पुढे चाल कशी म्हणायची?

आणि 'टायब्रेकर' अजिबात वापरू नका. शाहू स्टेडियमवर सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी मारून निकाल लागला की तो टायब्रेकर. पाटाकडील तालीम असो की प्रॅक्टिस क्लब, इथल्या पोरासोरांना हाच अर्थ माहीत. तुम्ही 'टायब्रेकरवर ईगल्स दुसरे' असं लिहिलं तर इथला माणूस विचारणार, पेनल्ट्या कुणी मारल्या?

क्रीडापान:
टायब्रेकरबद्दल शंभर टक्के मान्य. एनएफएलमध्ये ते निकष आहेत, पायरीपायरीने लावायचे. एकाच गटातले दोन संघ बरोबरीत असतील तर आधी त्या दोघांमधले सामने, मग गटातली कामगिरी, मग समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची, मग कॉन्फरन्समधली, आणि असं करत करत अगदी शेवटी नाणेफेक. 'बरोबरीचे निकष' लिहा, कुणाचंही अडणार नाही.

तसंच 'गुणतालिका' टाळा. क्रिकेट आणि सॉकरमुळे हात आपोआप तिकडे वळतो, पण एनएफएलमध्ये गुणच नाहीत. विजयांच्या टक्केवारीवर क्रम लागतो. नुसतं 'तक्ता' म्हणा.

बायसाठी 'थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश'. लांब आहे, पण अर्थ सांडत नाही. साखळीच्या मधल्या आठवड्यात प्रत्येक संघाला मिळते ती बाय वेगळी, तिला सरळ 'सुट्टी' म्हणा. ती कमवावी लागत नाही.

मिशिगनवासी:
या 'थेट प्रवेशा'मुळेच तर शेवटच्या आठवड्यांची रंगत वाढली. २०१९च्या मोसमापर्यंत कॉन्फरन्समधून सहा संघ यायचे आणि वरच्या दोघांना पहिली फेरी माफ असायची. २०२०पासून सात संघ आले, आणि माफी एकट्या पहिल्याला. तेव्हापासून पहिला आणि दुसरा यांत एक आख्खा सामना आहे.

या काळासाठी मराठीत तयार शब्द मात्र झकास आहे: जर-तर. आयपीएलच्या कृपेने प्रत्येकाला कळतो. 'लायन्सचे भवितव्य त्यांच्याच हाती, ग्रीन बे जर-तरच्या फेऱ्यात.' इंग्रजी समालोचकाला यासाठी रंगीत तक्ते दाखवत पाच मिनिटं बोलावं लागतं.

आता मुख्य गोष्ट, होम-फील्ड ॲडव्हान्टेज. मी आजवर 'घरच्या मैदानाचा फायदा' लिहीत आलोय.

मिनेसोटाकर:
तिथेच माझा आक्षेप आहे. इंग्रजीत त्या एका शब्दप्रयोगात दोन गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक, सामना आपल्याकडे भरवण्याचा हक्क. तो मानांकनाने मिळतो, कागदावर मिळतो, त्यात शंकेला जागा नाही. दुसरी, त्या हक्काचा मैदानावर होणारा उपयोग. तो होतो किंवा होत नाही. 'लायन्सना घरच्या मैदानाचा फायदा मिळाला' हे वाक्य ५ जानेवारीच्या रात्री लिहिलं तर त्याचा अर्थ हक्क. १८ जानेवारीला त्याच मैदानावर सहाव्या मानांकित वॉशिंग्टनने त्यांना ४५-३१ हरवलं, लायन्सनी पाच वेळा चेंडू गमावला. आता तेच वाक्य परत वाचा. काय फायदा मिळाला?

म्हणून हक्काला 'यजमानपद' म्हणा, आणि फायदा हा शब्द खरोखर फायदा झाला तर त्यासाठी राखून ठेवा.

सदाशिवपेठी:
पण फायदा म्हणजे नेमकं काय, हे आम्हाला इकडे बसून कळत नाही. क्रिकेटमध्ये खेळपट्टी आपल्या सोयीची करून घेता येते. इथे गवत सगळीकडे सारखंच ना?

मिनेसोटाकर:
गवत नाही, आवाज. चेंडू पाहुण्यांकडे असतो तेव्हा घरचे प्रेक्षक बोंब ठोकतात, आणि आपला संघ चेंडू घेऊन उभा राहिला की चिडीचूप होतात. कॅन्सस सिटीच्या ॲरोहेडवर २०१४ साली १४२.२ डेसिबल मोजले होते. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा खेळाडू, चेंडू मागतो तो ओरडून, ठरलेल्या शब्दावर. तो शब्द त्याच्यापुढच्या रांगेच्या (टॅकल, गार्ड, सेंटर) टोकाला उभ्या असलेल्या टॅकलला ऐकूच गेला नाही तर तो नजरेच्या अंदाजाने हलतो. क्षणभर आधी हलला की शिट्टी, पाच यार्ड मागे. यावर उपाय म्हणून पाहुणे मुक्यानेच काम चालवतात: गार्ड मान वळवून मागे क्वार्टरबॅककडे बघतो, त्याने पाय उचलला की शेजारच्या सेंटरला हात लावतो, सेंटर एक ठोका थांबून चेंडू मागे देतो. आता समोरच्या बचावपटूलाही तो हात दिसतोच. तोही त्याच तालावर सुटतो, आणि आपल्याच चेंडूवर आपण अर्धा क्षण मागे पडतो. माझ्या लेखी फायदा म्हणजे हा अर्धा क्षण.

थंडीचं कौतुक त्यामानाने जरा जास्तच होतं. ग्रीन बेच्या लँबो फील्डवर ३१ डिसेंबर १९६७ला उणे २५ सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत डॅलसविरुद्धचा सामना झाला, त्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण ग्रीन बे जिंकले ते २१-१७ असे, अगदी शेवटच्या क्षणी. थंडी दोघांनाही वाजते.

मिशिगनवासी:
शिवाय त्या काळी यजमानपद मानांकनाने मिळतच नव्हतं, गटागटांत आळीपाळीने फिरायचं. १९७२चे मायामी डॉल्फिन्स साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकले, तरी कॉन्फरन्सचा अंतिम सामना त्यांना पिट्सबर्गला जाऊन खेळावा लागला. तिथेही २१-१७ जिंकले, म्हणून निभावलं. कामगिरीवरून मानांकन द्यायची पद्धत १९७५पासून आली.

टेनिसवेडा:
यजमानपदात एक अडचण दिसते. यजमान म्हणजे ज्याच्या घरी सामना. मग १३ जानेवारी २०२५चं काय करणार? रॅम्स चौथे मानांकित, व्हायकिंग्ज पाचवे, सामना रॅम्सकडे. पण लॉस एंजेलिसभोवती वणवे पेटलेले, म्हणून सामना ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला हलवला, सुमारे ६०० किलोमीटर दूर. मैदान कार्डिनल्सचं, पण एंड झोन, म्हणजे मैदानाची दोन टोकं, रॅम्सच्या रंगात रंगवून दिले. रॅम्स २७-९ जिंकले, व्हायकिंग्जच्या क्वार्टरबॅकला नऊदा चेंडूसकट आडवा केला. यजमान कोण?

क्रीडापान:
यजमान रॅम्सच. 'यजमानपद रॅम्सचे, सामना ग्लेनडेलला', वाक्याला कुठे ओरखडा येत नाही. आयसीसीच्या स्पर्धांत हे आपण कधीचं लिहितोय. २०२१चा टी-ट्वेन्टी विश्वचषक यूएई आणि ओमानमध्ये झाला, यजमानपद भारतीय मंडळाकडेच होतं. 'घरचे मैदान' लिहिलं असतं तर मात्र पंचाईत झाली असती. शब्द निवडताना असा अडनिडा सामना लावून बघायचा, टिकला तर ठेवायचा.

मिशिगनवासी:
याहून अडनिडा सामना देतो. फेब्रुवारी २०२२चा सुपर बोल. जागा काही वर्षं आधीच ठरलेली: सोफाय स्टेडियम. योगायोगाने रॅम्स अंतिम सामन्यात पोहोचले आणि सोफाय हे त्यांचंच मैदान. पण सुपर बोलला कागदोपत्री यजमान कोण, हे दोन कॉन्फरन्समध्ये आलटून पालटून ठरतं आणि त्या वर्षी पाळी एएफसीची, म्हणजे दुसऱ्या कॉन्फरन्सची. म्हणजे सिनसिनाटी बेंगल्स यजमान, आणि रॅम्स आपल्याच मैदानावर पाहुणे.

तांबडा_पांढरा:
आपल्याच घरात पाव्हणा. जावई म्हणायचं की काय!
आमच्याकडं ही भानगडच नाही. सगळ्या तालमींचे सामने एकाच मैदानावर, यजमान सगळेच.

क्रीडापान:
अशा वेळी 'नामधारी यजमान बेंगल्स' लिहा आणि पुढे चला. सुपर बोलपुरता हा शब्द वापरला तरी मोसमभराच्या लिखाणात तो वर्षातून एकदाच लागतो, त्यासाठी बाकीची घडी मोडू नका.

बरं, आता लायन्स-व्हायकिंग्ज सामन्याला शीर्षक द्या बघू. दोन कॉलम, एक ओळ.

मिशिगनवासी:
'लायन्सना अग्रमानांकन, प्लेऑफचे यजमानपद निश्चित'

मिनेसोटाकर:
एका फेरीत बाद झाले, आणि म्हणे निश्चित. पुढे कॉन्फरन्सचा अंतिम सामना दुसऱ्या मानांकित ईगल्सकडे झाला, फिलाडेल्फियाला. वॉशिंग्टनविरुद्ध, ५५-२३. ईगल्स घरचे तिन्ही सामने खेळून सुपर बोलला गेले, तेही पहिलं मानांकन नसताना.

क्रीडापान:
शीर्षक ५ जानेवारीच्या रात्री लागतं, १८च्या नाही. पण 'जिंकत राहिल्यास' हे त्यात गृहीत आहे, ते पोटमथळ्यात सांगा: 'सुपर बोलपर्यंत डेट्रॉइटबाहेर पाऊल नाही, जिंकत राहिले तर'.

तांबडा_पांढरा:
म्हणजे परत जर-तरच की.