फाउंडेशनच्या माणसांना ट्रेनिंग हवं का, आणि ते देणार कोण?

माणचा_गडी:
मंडळी, मी माण तालुक्यात एका छोट्या संस्थेत काम करतो. आम्हाला पैसे देणाऱ्या फाउंडेशनची माणसं वर्षातनं दोनदा येतात, पुण्याहून सकाळी निघून अकराला पोचतात, मीटिंग, फोटो, जेवण आणि चारला परत. बचत गटातल्या बायका म्हणत होत्या कडबाकुट्टी द्या, वैरण तोडून तोडून खांदा जातोय, तर साहेब म्हणाले आमच्या थीममधे शिलाई मशीन बसतंय. आज आठ मशिनी समाजमंदिरात पोत्याखाली पडल्यात. आणि हीच माणसं हॉटेलात तीन-तीन दिवस ट्रेनिंग करतात, लॉगफ्रेम (कामाचं उद्दिष्ट न् निकाल मांडायचा तक्ता) न् इम्पॅक्ट न् काय काय. माझं स्पष्ट मत, ते बंद करा आणि तेवढे दिवस गावात मुक्कामाला या.

कृष्णाकाठ_सांगली:
दादा, अजिबात पटलं नाही. मी त्याच बाजूला काम करते, पैसे देणाऱ्या. ऑगस्ट २०१९ चा पूर ओसरल्यावर मला सर्व्हेला पाठवलं, नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. एक मावशी खराट्यानं घरातला चिखल काढत होत्या आणि मी उंबऱ्यात टॅब घेऊन विचारतेय, महिन्याचं उत्पन्न किती? त्या नुसत्या बघत राहिल्या. कधी विचारायचं नाही हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मुक्काम केला की आपोआप येतं म्हणता तर तसं नाही हो, आमचे एक सर १५ वर्षं गावं फिरतायत, अजून स्वतः खुर्चीत आणि बाया सतरंजीवर.

वाळव्याचा_हिशेबनीस:
पैशाचंही बघा जरा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं मोठ्या कंपन्यांना सीएसआरला, म्हणजे समाजकामाला, सरासरी नफ्याच्या २ टक्के काढावे लागतात, त्यात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. पगार, प्रवास, ऑफिस त्यातच बसवायचं, मग कात्री पहिली ट्रेनिंगवर. सगळ्यांनाच हॉटेल मिळतं असं नाही.

माणचा_गडी:
५ टक्के तरी आहेत की तुम्हाला! आमच्या बजेटमधे कार्यकर्त्याच्या ट्रेनिंगची ओळ दिसली की पहिली खोडतात.

खटावची_ताई:
मला वेगळंच खटकतंय. म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची म्हटली तेव्हा रिझर्व्ह बँकेनं आधी नकार दिला, का तर बायकांना लिहितावाचता येत नाही. त्या शिकल्या, परत गेल्या आणि १९९७ ला माणदेशी बँक उभी राहिली. म्हणजे शिकून यायचं कायम गावानंच, टेबलापलीकडच्या माणसाला कोण म्हणतं का, आधी शिकून ये? ट्रेनिंग हवंच, पण शिकवायला असल्या बायका बोलवा, आणि पुण्याच्या ट्रेनरला जेवढी फी देता तेवढीच त्यांना द्या, नुसता नारळ-शाल नको.

माणचा_गडी:
ताई, हे मान्य. मग हॉटेल कशाला, जनावरांच्या चारा छावणीत घ्या क्लास.

कृष्णाकाठ_सांगली:
ताईंचं फीचं बरोबर आहे, मी ऑफिसात मांडणार. पण एक सांगा, ज्याच्या सहीनं पुढचा हप्ता सुटणार त्याच्या तोंडावर कोण खरं बोलतं? दादा, शिलाई मशीन ठरली तेव्हा त्या मीटिंगमधे तुम्ही काय बोललात? समोरचा "चालतंय साहेब" म्हणाला तर त्यामागचं "नको" ओळखायचं कसं, हे शिकावंच लागतं, आणि ते ज्याला आमच्याकडनं हप्ता मिळत नाही अशा तिसऱ्याच माणसाकडनं.

माणचा_गडी:
खरं सांगतो, मी गप्प बसलो. हप्ता अडकला असता तर दोघा कार्यकर्त्यांचा पगार थांबला असता. बायकापण "चालतंय" म्हणाल्या आणि बाहेर आल्यावर माझ्यावर चिडल्या, त्यांचं बरोबरच होतं. तिसऱ्या माणसाचं तुमचं म्हणणं डोक्यात राहील, पण तो हॉटेलातलाच कशाला हे मला अजून पटलेलं नाही. पुढच्या बुधवारी साहेब येणारेत. समाजमंदिराची चावी बायकांनी सरपंचांकडनं आजच आणून ठेवलीय, मीटिंग ह्यावेळी त्या मशिनींपाशीच घ्यायची म्हणतात.