एसएसएच: की-पेअरचं काम नेमकं काय?

एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत, आणि की-पेअर म्हणजे पब्लिक (उघड) नि प्रायव्हेट (गुप्त) किल्ल्यांची जोडी. काहींना वाटतं की एसएसएचमध्ये सगळा डेटा आपल्या प्रायव्हेट कीनेच एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होतो. तसं नाही हो. जोडणी होताच दोन्ही बाजू डिफी-हेलमन पद्धतीने एक सामायिक गुपित तयार करतात. ते गुपित तारेवरून जातच नाही. त्यातून निघालेल्या तात्पुरत्या किल्ल्या घेऊन एईएस किंवा चाचा२० (नावाला हसू नका) यांसारखी एन्क्रिप्शनची पद्धत सगळी वाहतूक कुलूपबंद करतं. आपली की-पेअर फक्त सही करून 'मी तोच' हे पटवायला, तेही एन्क्रिप्शन सुरू झाल्यावर. त्यामुळे पासवर्डने लॉगिन केलं तरी एन्क्रिप्शन तेवढंच पक्कं.

खरी गोम पहिल्या जोडणीत आहे. सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याच्या स्वतःच्या किल्लीची, म्हणजे होस्ट कीची, छोटी ओळखखूण) दाखवून 'येस की नो' विचारतात आणि आपण (मीही, कबूल) डोळे झाकून येस टाइप करतो. आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये कुणी सर्व्हरचं सोंग घेऊन बसला असेल तर तिथेच फसलो. मागे आमच्या सर्व्हरवर ओएस नव्याने टाकल्यावर 'होस्ट की बदलली' म्हणून भलीमोठी सूचना आली. सहकाऱ्याने नोन होस्ट्समधली (ओळखीच्या सर्व्हरांच्या किल्ल्यांची आपल्याकडची यादी) जुनी ओळ उडवली नि मोकळा झाला. मी ॲडमिनला फोन लावून फिंगरप्रिंट अक्षर न् अक्षर ताडून घेतला. दोन मिनिटं लागली, वर 'फारच बुवा तुम्ही' हे ऐकावं लागलं.