मदत हवी आहे: केर्सी लॉर्ड यांनी वाजवलेली गाणी

मंडळी, हिंदी सिनेसंगीतातले वादक केर्सी लॉर्ड यांनी वाजवलेल्या गाण्यांची यादी करतोय. 'आराधना'तल्या (१९६९) 'रूप तेरा मस्ताना'मधलं अ‍ॅकॉर्डियन त्यांचं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण हा माणूस एका वाद्यापुरता थोडाच होता! वडील कावस आणि भाऊ बुर्जोर तालवाद्यांवर. केर्सी ग्लॉकनस्पील (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य), पियानो, सिंथेसायझर, शिवाय अरेंजिंगही.

घोडं अडतंय ते इथंच. घरातल्या तबकड्यांच्या वेष्टनांवर गायक-संगीतकार आहेत, वाजवणाऱ्याचं नाव औषधालाही नाही. (काकांनी एकावर पेन्सिलीनं 'केर्सी?' लिहिलंय, तेही प्रश्नचिन्हासकट.) मिनीमूग हा सिंथेसायझर एका वेळी एकच सूर काढतो, एवढीच खूण मला कळते. याहून पक्की कुठली? त्या काळी रेकॉर्डिंगला बसलेलं कुणी ओळखीत असेल तर प्लीज कळवा.