मदत हवी आहे: जुन्या गेमच्या कॅसेटचे विचित्र स्क्रू, याचा ड्रायव्हर पुण्यात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा नव्वदच्या दशकात कंपनीच्या कामासाठी जपानला होते. येताना त्यांनी निन्टेन्डोचं सुपर फॅमिकॉम हे व्हिडिओ गेमचं मशीन आणलं होतं, तिकडे १९९० साली बाजारात आलेलं. सोबत बऱ्याच कॅसेट. मशीन आजही चालतं (१०० व्होल्टचं आहे, त्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतो), पण कॅसेटमधले सेव्ह केलेले गेम एकेक करून पुसले जाताहेत. त्या काळच्या कॅसेटमधली सेव्हची मेमरी वीज तुटली की कोरी होते. म्हणून आत सीआर २०३२ हा बटन सेल सोल्डर करून बसवलेला असतो. तीस वर्षांत तो संपणारच. सेल बदलायचा तर कॅसेट उघडायला हवी, आणि तिथेच गाडं अडलंय.

एक कॅसेट अजून जिवंत आहे. तिच्यात बाबांनी रात्री जागून खेळलेला गेम आहे आणि फाइलला त्यांचं नाव दिलेलं आहे, काताकाना या जपानी लिपीत. बाबा आता नाहीत. ती फाइल मला गमवायची नाही, म्हणून घाईने काही करत नाहीये आणि तुम्हाला विचारतोय.

प्रत्येक कॅसेटला दोन स्क्रू आहेत, बारीक खोल भोकात बसवलेले. डोक्यावर प्लस नाही, मायनस नाही, एलन कीचं भोक नाही. डोकं गोल आणि त्याच्या बाहेरच्या कडेला सहा खाचा. म्हणजे ड्रायव्हर स्क्रूच्या आत शिरणार नाही, टोपीसारखा वरून बसायला हवा.

शोधाशोध बरीच झाली. तपकीर गल्लीत मोबाइल रिपेअरिंगच्या सामानात टॉर्क्स, पेंटालोब, ट्राय-विंग, मधे खुंटी असलेला सिक्युरिटी टॉर्क्स असे सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर मिळतात, पण हा नाही. बोहरी आळीतल्या एका काकांनी अख्खा खण उपसून दाखवला, त्यातही नव्हता. नाना पेठेत गाड्यांच्या टूल्सच्या दुकानात बाहेरून बसणारा टॉर्क्स सॉकेट मिळाला, दिसायला जवळपास तसाच. पण त्याची भिंत एवढी जाड की भोकात उतरतच नाही. जुन्या बाजारातही रविवारी फिरून आलो.

तर या स्क्रूला नेमकं काय म्हणतात, कोणता साइज लागतो, आणि पुण्यात कुठे मिळेल? ऑनलाइनच मागवायचा असेल तर काय बघून घ्यावा?

पेनची नळी वितळवून स्क्रूवर दाबायची युक्ती मी वाचली आहे. या कॅसेटवर ती करायची नाही.

प्रतिसाद

याला गेमबिट म्हणतात. दोन साइज असतात, ३.८ मिमी आणि ४.५ मिमी. तुमच्या कॅसेटला ३.८ लागेल. मशीनच्या तळाला ४.५ आहे, आज ना उद्या आतली धूळ काढायला तेही उघडाल, तेव्हा दोन्ही एकदमच घ्या. निन्टेन्डोने नंतरच्या मशीनमध्ये ट्राय-विंग वापरला, म्हणून दुकानदार निन्टेन्डो ऐकलं की तोच पुढे करतात. तो इथे उपयोगाचा नाही.

प्रतिसाद

भोसरीत टूलरूममध्ये काम करतो, म्हणून बिटबद्दल (म्हणजे ड्रायव्हरच्या हँडलला लावायचं टोक) थोडं सविस्तर लिहितो.

नाना पेठेतला सॉकेट भोकात उतरला असता तरी चालला नसता. त्याचे दात वेगळ्या आकाराचे असतात. जबरदस्तीने फिरवला असता तर स्क्रूच्या खाचा गोल झाल्या असत्या आणि मग योग्य बिटही घसरला असता. थांबलात ते फार बरं झालं.

ऑनलाइन घेताना आधी मागचा षटकोनी दांडा बघा. छोट्या प्रिसिजन सेटमधल्या बिटचा ४ मिमी असतो आणि नेहमीच्या बिट ड्रायव्हरचा ६.३५ मिमी, म्हणजे पाव इंच. तुमच्याकडे जो हँडल आहे त्याला बसेल तोच घ्या, नाहीतर बिट हातात आणि हँडलची शोधाशोध सुरू. दुसरं, लांबी. भोक खोल असतं, विशेषतः मशीनचं. बिट आखूड असेल आणि ड्रायव्हरचं तोंड जाड असेल तर भोकाच्या काठावरच अडकतं. लांब दांड्याचा बिट घ्या. तिसरं, धातू. या बिटला पोकळ तोंड आणि पातळ भिंत असते, त्यामुळे ओतीव हलक्या धातूचा असेल तर दोन-चार स्क्रूंत तोंड फाटतं. एस-टू किंवा क्रोम व्हॅनेडियम स्टील लिहिलेलं बघा. रंग-पॉलिश बघून भुलू नका.

आमच्याकडे वायरकटवर (तारेने धातू कापणारं मशीन) असा आकार काढता येतो. पण एका नगासाठी कोणी मशीन लावून देणार नाही आणि दिलं तर त्या पैशात पूर्ण सेट येईल. तेव्हा तो नाद सोडा.

प्रतिसाद

पेनच्या युक्तीला इतकं नाकारू नका हो. मी स्वतः तशी उघडली आहे. पेनची नळी मऊ करायची, स्क्रूवर दाबून धरायची, पूर्ण गार होऊ द्यायची आणि मग फिरवायची.

धागाकर्ता

निघत असेल, शंका नाही. पण तीस वर्षं न हललेल्या स्क्रूवर प्लास्टिक पिळवटून तुटलं आणि भोकात राहिलं तर नंतर खरा बिटही बसणार नाही. बाकीच्या कॅसेटवर कदाचित केलं असतं, हिच्यावर नाही.

भोसरीकर, मनापासून धन्यवाद. माझ्याकडे ६.३५ चा हँडल आहे, तेव्हा त्या मापाचे लांब बिट शोधतो.

प्रतिसाद

सगळे स्क्रूबद्दल बोलताहेत, पण मला धागाकर्त्यांना थांबवायचं आहे. जी कॅसेट जिवंत आहे ती आत्ता उघडूच नका!

सेल काढला त्या क्षणी मेमरीची वीज जाईल आणि बाबांची फाइल पुसली जाईल. सेल बदलताना बाहेरून दुसरे ३ व्होल्ट जोडून ठेवतात काही जण, पण त्यात हात हलला, एक टोक निसटलं की संपलं. आधी सेव्हची कॉपी काढा. त्यासाठी कॅसेट रीडर मिळतात. कॅसेट त्यात खोचायची, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायची आणि सेव्ह फाइल म्हणून उतरवून घ्यायची. एकही स्क्रू काढावा लागत नाही. नवा सेल बसवला की तीच फाइल परत कॅसेटमध्ये लिहिता येते.

हे लवकर करा. नवा सेल ३ व्होल्टचा असतो आणि ही मेमरी साधारण २ व्होल्टपर्यंत तग धरते. तुमचा सेल आज किती व्होल्टवर आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

सेल घेताना पत्र्याचे टॅब आधीच वेल्ड केलेला घ्या. साध्या बटन सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, उष्णतेने सेल खराब होतो, फुटूही शकतो. आणि स्क्रू निघाले की लगेच उचकटू नका, वरच्या बाजूला प्लास्टिकच्या खाचा अडकवलेल्या असतात.

धागाकर्ता

हे वाचून खरंच हात थांबले. मी दोन महिने फक्त ड्रायव्हरच्या मागे होतो, कॉपी काढता येते हे डोक्यातच आलं नव्हतं. पुण्यात कोणाकडे असा रीडर आहे का? मी कोथरूडला असतो. कॅसेट कुरियरने पाठवायची माझी तयारी नाही, स्वतः घेऊन येईन.

प्रतिसाद

माझ्याकडे आहे, कर्वेनगरला. सुपर फॅमिकॉमच्या कॅसेट वाचतो, स्वतः वापरून बघितला आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शनिवारी संध्याकाळी या. पैसे वगैरे काही नको.

येण्याआधी कॅसेटचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्या. संपर्क मळके असतील तर फाइल चुकीची उतरते. आपण दोनदा वाचून दोन्ही फाइल ताडून बघू, जुळल्या की एक पेन ड्राइव्हवर आणि एक मेलवर ठेवा. गेमबिटही आहेत, दोन्ही साइजचे. ज्या कॅसेटचे सेव्ह आधीच गेलेत त्या सोबत आणा, त्यांचे सेल तिथेच बदलू.