काँकॉर्डची कोठारं आणि पोर्ट शिकागो
कॅलिफोर्नियातल्या काँकॉर्डमधल्या अमेरिकी नौदलाच्या ओस पडलेल्या दारूगोळा कोठारांचे फोटो कुणीतरी टाकलेत, ते पाहून थोडी भर घालतो. मातीने झाकलेली ती काँक्रीटची कोठारं मुद्दाम अंतर राखून बांधलीत, एकात स्फोट झाला तर शेजारचं पेटू नये म्हणून. पण खरा इतिहास घडला तो तिथल्याच खाडीकाठच्या पोर्ट शिकागो धक्क्यावर, १७ जुलै १९४४ ला. मुंबई गोदीच्या स्फोटानंतर जेमतेम तीन महिन्यांनी. जहाजात दारूगोळा चढवताना स्फोट होऊन ३२० माणसं गेली, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. धड प्रशिक्षण न देता त्यांना त्या कामाला जुंपलं होतं. वाचलेल्यांनी पुन्हा तेच काम करायला नकार दिला, तर ५० जणांना बंडखोर ठरवून तुरुंगात टाकलं. हा अन्याय मला स्फोटापेक्षाही जास्त छळतो. नौदलाने त्यांना दोषमुक्त केलं ते थेट २०२४ मध्ये.