दहावीचा ब्राझील: आकडे पाठ, पण 'का?' विचारलं की अडतं

वाळवा_पालक:
मुलगी दहावीला आहे. भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी शिकायचे. क्षेत्रफळ, अक्षांश तोंडपाठ. पण ईशान्येला दुष्काळ का, लोक किनाऱ्याजवळच का, याचं उत्तर देता येत नाही. ॲमेझॉन आणि फुटबॉलपलीकडचा देश समजवायला सुरुवात कुठून करू?

मिरज_भूगोल:
ताई, नकाशापासून. कोऱ्या कागदावर आधी दोन आडव्या रेषा मारायला लावा. विषुववृत्त ॲमेझॉनच्या मुखाजवळून जातं, मकरवृत्त साओ पावलो शहरातून. मुलं किनारा आधी काढतात, मग या रेषा कुठेतरी बसवतात आणि सगळं हवामान चुकतं.

मग किनाऱ्यालगतचा अजस्र कडा. आपला सह्याद्री मनात ठेवून दिशा उलटी करा: इथे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला, उभा कडा आणि पूर्वेला मंद उतार, तिथे आग्नेय भागात पूर्वेला समुद्राकडे कडा आणि उतार आत, पश्चिमेला. म्हणून तिएते नदी अटलांटिकपासून अवघ्या 22 किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून 1,100 किलोमीटर आत जाऊन पाराना नदीला मिळते. कृष्णाही अरबी समुद्राजवळ महाबळेश्वरला उगम पावून बंगालच्या उपसागराला जाते. सांगलीच्या मुलीला हे एकदा दाखवलं की पुरतं.

ईशान्येचं कोडंही इथेच सुटतं. अटलांटिकवरून येणारे वारे किनाऱ्यालगतच्या उंच भागावर पाऊस टाकतात, आत कोरडे पोचतात. महाबळेश्वर भिजतं आणि माण, जत कोरडे राहतात, तेच कारण. पुस्तकातला 'अवर्षण चतुष्कोन' तो हाच. मात्र उत्तरात 'मान्सून' लिहू नका, हमखास गुण जातात.

कोयनाकाठ:
लोकवस्तीसाठी इतिहासाची जोड हवी. पोर्तुगीज समुद्रातून आले. ऊस, सोनं, कॉफी सगळं बंदरांतून बाहेर गेलं, म्हणून शहरं किनाऱ्याजवळ वाढली. साओ पावलो पठारावर, सँटोस बंदर खाली. कॉफी उतरवायला कड्यावरून रेल्वे 1867 मध्ये झाली. लोकांना आत ओढण्यासाठी 1960 मध्ये राजधानी रिओहून ब्राझिलियाला नेली.

समाज शिकवताना गुलामगिरी टाळू नका, ती या देशाच्या मुळाशी आहे. आफ्रिकेतून 40 लाखांहून जास्त माणसं जबरदस्तीने आणली गेली आणि गुलामगिरी संपली ती थेट 1888 मध्ये. 2022 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 20.3 कोटी, त्यात 45 टक्के लोकांनी स्वतःला मिश्रवर्णीय म्हटलं, 43 टक्क्यांनी गोरे, 10 टक्क्यांनी काळे. सांबा नाच, कापोएरा ही नाचासारखी युद्धकला आणि ईशान्य किनाऱ्यावरच्या साल्व्हादोर शहराचं जेवण या इतिहासातून आलं. जपानी मजूर 1908 पासून कॉफीच्या मळ्यांवर आले.

घरातलं उदाहरण हवं असेल तर साबुदाणा. तो ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो मूळचा तिकडचा. ब्राझीलमध्ये त्याचं भाजलेलं पीठ भात आणि घेवड्यावर भुरभुरून खातात.

ऊसवाला_इस्लामपूर:
आपल्याकडे उसाचं गाळप साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन मार्चच्या सुमारास संपतं, साओ पावलोत ते एप्रिलला सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालतं. दक्षिण गोलार्धात हे महिने हिवाळ्याचे आणि कोरडे. उसात साखर भरते, यंत्रं शेतात रुतत नाहीत. बरेच कारखाने भाव बघून साखर की इथेनॉल ते ठरवतात. तिकडे पेट्रोलमध्ये 2015 पासून 27 टक्के, ऑगस्ट 2025 पासून 30 टक्के इथेनॉल असतं. 2003 नंतरच्या फ्लेक्स गाड्या, म्हणजे दोन्ही इंधनं चालणाऱ्या, शंभर टक्के इथेनॉलवरही चालतात. इथेनॉलने गाडी कमी अंतर जाते, म्हणून त्याचा दर पेट्रोलच्या 70 टक्क्यांखाली असेल तरच लोक ते भरतात.

वाळवा_पालक:
मग कार्निव्हल फेब्रुवारीत म्हणजे उन्हाळ्यात?

मिरज_भूगोल:
हो, भर उन्हाळ्यात, कधी मार्चच्या सुरुवातीला. तारीख ईस्टरवरून ठरते, त्यामुळे दरवर्षी बदलते. जूनमधला सेंट जॉनचा सण मात्र हिवाळ्यातला: शेकोट्या, मक्याचे पदार्थ, आणि सर्वांत मोठा थाट त्या कोरड्या ईशान्येत. ऋतूंचा तक्ता करताना दोन्ही सण त्यात लिहायला सांगा.